बीडीएसला जायचंय? अर्जाची तयारी अकरावीतच सुरू कर

माझं दातांचं क्लिनिक नाशिकच्या इंदिरानगरला आहे. नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की दरवर्षी संध्याकाळचे पेशंट संपल्यावर बारावीची मुलं आईवडिलांसोबत येऊन बसतात. कुणी निफाडचं, कुणी सिन्नरचं, कुणी थेट सुरगाण्याहून, परतीची एसटी चुकेल या काळजीत. हातात स्कोअरकार्ड असतं आणि प्रश्न एकच, "मॅडम, एवढ्या मार्कांत डेंटलला लागेल का?" त्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. पण त्यांच्या खरं उपयोगाचं जे सांगायचं असतं, ते ऐकायला त्यांनी दीड वर्ष आधी यायला हवं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. विद्यार्थ्याशीच बोलते आहे, पण आईवडिलांनीही वाचावं.

आपल्याकडे बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, प्रवेशाला निबंध लिहावा लागत नाही, मुलाखत होत नाही, कुणाचं शिफारसपत्र चालत नाही. परदेशातल्या कॉलेजांचे व्हिडिओ बघून काही मुलं शिबिरांची सर्टिफिकेटं गोळा करतात. शिबिराला जरूर जावं, पण प्रवेशाच्या वेळी ते सर्टिफिकेट कुणी मागत नाही. आपला अर्ज उभा राहतो तो नीटचा क्रमांक, कागदपत्रं आणि पसंतीक्रम यांच्यावर. पहिल्यासाठी सगळं घर जीव टाकतं. बाकीचे दोन शेवटच्या आठवड्यावर ढकलले जातात, आणि मार्क असूनही जागा हुकलेली मुलं मी पाहिली ती या दोघांपायीच. मार्क किती पडतील हे पूर्णपणे आपल्या हातात नसतं. कागद आणि पसंतीक्रम मात्र असतात.

आधी दाताच्या दवाखान्यात बसून बघ

ही पायरी कोणत्याही माहितीपुस्तिकेत नाही, पण मी ती सगळ्यात आधी सांगते. "एमबीबीएस नाही मिळालं तर डेंटल" हे वाक्य मला रोज ऐकू येतं. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, अशी पाच वर्षं नाइलाजाने काढणं फार जड जातं. त्यापेक्षा अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत ओळखीच्या डेंटिस्टला विचार, "मी काही दिवस कोपऱ्यात उभं राहून बघू का?" पेशंटची हरकत नसेल तर बहुतेक जण हो म्हणतात. मी तरी म्हणते.

तिथे काय बघायचं? नुसता दात काढताना बघू नकोस. डॉक्टर वरच्या दाढेवर काम करताना थेट दाढेकडे बघतच नाहीत, छोट्या आरशातल्या प्रतिबिंबाकडे बघून हात चालवतात. सवय नसलेल्याला त्या प्रतिबिंबात हात भलतीकडेच जाताना दिसतो. ते कौशल्य सरावाने येतं, पण तासन् तास एवढ्याशा जागेत नजर रोवून काम करायला आपल्याला आवडेल का, हे स्वतःला विचार. पाच वर्षांचं पोर तोंड घट्ट मिटून बसलेलं असताना डॉक्टर काय बोलतात ते ऐक. दोन पेशंटच्या मध्ये अवजारं कशी धुतली जातात, जंतू मारायला ऑटोक्लेव्हमध्ये कशी जातात, हेही बघ, कारण उद्या ती जबाबदारी तुझी असेल.

पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचं केबीएच डेंटल कॉलेज आणि हॉस्पिटल आहे. घरातल्या कुणाचे ना कुणाचे दात दाखवायचे असतातच. आजीला घेऊन जा, केसपेपर काढ, रांगेत बस. शिकणारी मुलं पेशंटवर कसं काम करतात, सर येऊन कसं तपासतात, एका खुर्चीवर किती वेळ जातो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

घरी एक प्रयोग कर. अंगाच्या साबणाची नवी वडी आणि छोटी सुरी घे. वरचा मधला पटाशीचा दात तिप्पट मापात कोरायचा. खऱ्या दाताचा हिरडीबाहेरचा भाग पुस्तकात साधारण साडेदहा मिलिमीटर लांब आणि साडेआठ मिलिमीटर रुंद देतात, म्हणजे तुझा साबणाचा दात सुमारे ३१ मिलिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर रुंद हवा. आधी चारही बाजूंनी पेन्सिलने आकार काढ, मगच कोर. एकदम खोल सुरी घातलीस तर साबणाचा टवका निघतो आणि तो परत चिकटत नाही. पहिल्या वर्षाला हेच काम मेणाच्या ठोकळ्यावर करायचं असतं. पहिला दात वेडावाकडा झाला तरी काही बिघडत नाही. दुसरा कोरावासा वाटतो का, एवढंच बघायचं आहे.

नीट: थोडक्यात

अभ्यास कसा करावा हे कॉलेज रोडवरचे क्लास माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. अर्जाशी संबंध येतो तेवढंच लिहिते. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. यातले ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण, जीवशास्त्राचे. दोघांचे गुण सारखे असतील तर आधी जीवशास्त्राचेच गुण बघतात. त्यामुळे राज्य मंडळाचं पुस्तक कितीही पाठ असलं तरी एनसीईआरटीचं जीवशास्त्र ओळ न् ओळ वाचल्याशिवाय राहू नकोस.

पेपर मराठीतूनही देता येतो. ती निवड फॉर्म भरतानाच करावी लागते, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी लाजू नये, ज्या भाषेत प्रश्न पटकन समजतो ती निवडावी. फक्त पुढे बीडीएसचं शिक्षण इंग्रजीतून आहे, तेव्हा शास्त्रीय शब्द आत्तापासून दोन्ही भाषांत पाठ ठेव.

परीक्षा २०२४ला ५ मे आणि २०२५ला ४ मे रोजी झाली, दोन्ही वेळा महिन्याचा पहिला रविवार. प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावीला इंग्रजी पाहिजे आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के. नीटच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष केलेल्या मुलांचं इथे अडतं.

फॉर्ममधलं नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. तेवढ्याने बिघडत नाही, पण स्पेलिंग वेगळं असेल, वडिलांचं नाव एकीकडे 'बाळू' आणि दुसरीकडे 'बाळासाहेब' असेल, तर तो घोळ अकरावीतच मिटव. आधार दुरुस्त करून घे, लागलं तर राजपत्रात नावाची नोंद कर. या गोष्टींना महिने जातात.

कागद: इथे खरा वेळ द्यायचा

एक प्लास्टिकची फाइल घे आणि आतल्या कागदाला यादी चिकटव. दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, आधार, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र म्हणजेच डोमिसाइल, आणि राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलने दिलेल्या नमुन्यातच डॉक्टरांनी भरलेलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. खुल्या वर्गातल्या मुलाचं बहुतेक एवढ्यावर भागतं. राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ बदलीच्या सरकारी नोकरांची मुलं. सुरगाणा-पेठ भागातली काही मुलं दहावी गुजरातेत करतात. त्यांनी हा नियम अकरावीत नाव घालण्याआधी वाचावा.

आता राखीव वर्गाचं. नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजच्या पत्रासह ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि तो तेव्हाच करायचा. नाशिकला पडताळणी समिती नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अनुसूचित जमातीसाठी वेगळी समिती, गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनात. कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वरकडची मुलं बऱ्याचदा पहिल्या खेपेला चुकीच्या इमारतीत जातात आणि दिवस फुकट जातो.

समितीला हवा असतो जुना पुरावा, आणि 'जुना' म्हणजे किती हे ठरलेलं आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीची जातीची नोंद तुझ्या वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाच्या तरी नावावर सापडायला हवी. आईकडची चालत नाही. वडील, सख्खे काका, आत्या यांच्यापैकी कुणाकडे आधीच वैधता असेल तर काम पुष्कळ सोपं होतं, तेव्हा सुरुवात नातेवाइकांना फोन करण्यापासून कर.

कुणाकडेच नसेल तर आजोबा-पणजोबा ज्या गावच्या शाळेत गेले तिथे जायचं. चांदवडकडच्या एका गावी मी माझ्या कंपाउंडरच्या मुलीसोबत गेले होते. गुरुजींनी कपाटातून फडक्यात बांधलेलं जनरल रजिस्टर काढलं. पानांच्या कडा झडलेल्या, शाई तपकिरी पडलेली. आम्ही 'रामचंद्र' शोधत होतो आणि नोंद होती 'रामा'. बापाचं नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून ओळख पटली, आणि जातीचा रकाना सुदैवाने भरलेला होता. गुरुजींनी त्याचा उतारा सही-शिक्क्यानिशी दिला. 'रामा' आणि 'रामचंद्र' ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडलं, वंशावळ काढली, तेव्हा प्रकरण उभं राहिलं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक तहसील कार्यालयात बघतात. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. हे सगळं जूनमध्ये सुरू करून जुलैत संपत नाही. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नकोस.

नॉन क्रीमीलेअर वेगळं. ते ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं, म्हणून गेल्या वर्षीचं खिशात असलं तरी त्याची तारीख आधी वाच. ईडब्ल्यूएसचंही, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचंही, तसंच, चालू वर्षाचं हवं. द्राक्षवाल्या घरांना मी मुद्दाम सांगते: जानेवारी ते मार्च माल काढणीत घरातल्या कुणालाच डोकं वर काढायला फुरसत नसते, तेव्हा डोमिसाइल आणि बाकीचे कायमचे दाखले दिवाळीच्या आसपास काढून ठेवा. उत्पन्नाशी जोडलेले दाखले नवं आर्थिक वर्ष लागल्यावर, एप्रिलमध्ये. निकालानंतर सेतूवर जी झुंबड उडते, तिच्यात अडकायचं नाही.

अखिल भारतीय कोट्यातूनही (सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा) अर्ज करणार असशील तर ओबीसीचा आणि ईडब्ल्यूएसचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो. जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघ. कुणबी आहे, पण एसईबीसीचं आरक्षण राज्यापुरतं आहे.

प्रत्येक कागद मूळ प्रतीवरून स्कॅन कर, झेरॉक्सवरून नको. कॉलेज मूळ कागद ठेवून घेतं आणि पुढे शिष्यवृत्तीला, कर्जाला, हॉस्टेलला तेच कागद परत लागतात.

कुठे अर्ज करायचा

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, म्हणून पालक प्रवेशाची चौकशी करायला तिथे जातात. संलग्न कॉलेजांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठ बघतं. प्रवेश मात्र राज्याचा सीईटी सेल ऑनलाइन करतो. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा आणि खासगी कॉलेजांच्या जागा सीईटी सेलकडून भरतात. सरकारीतल्या उरलेल्या १५ टक्के आणि अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागा दिल्लीच्या एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून. हा फरक आपल्या परिसरात नीट दिसतो. संगमनेरचं एसएमबीटी डेंटल आणि धुळ्याचं एसीपीएम राज्याच्या यादीत, तर लोणीचं प्रवरेचं कॉलेज अभिमत, म्हणून एमसीसीच्या. अभिमतसाठी नोंदणी करताना दोन लाख रुपये अनामत भरावी लागते आणि फी राज्यातल्या खासगी कॉलेजांपेक्षा बरीच चढी असते. घरात स्पष्ट बोलून मगच तिकडे वळायचं.

पसंतीक्रम

इथे गैरसमज फार. "वर मुंबई भरली आणि नाही लागली तर खालचं नाशिक पण जाईल," असं मला सांगणारे पालक आहेत. तसं होत नाही. कॉम्प्युटर गुणवत्ता यादीतल्या तुझ्या क्रमांकाला आला की तुझी यादी वरून वाचत येतो आणि जी पहिली जागा शिल्लक दिसते ती देतो. वरच्या न मिळालेल्या पसंतीमुळे खालची कमजोर होत नाही. म्हणून क्रम तुझ्या मनातलाच ठेव, मिळण्याच्या शक्यतेचा नको. आणि जिथे खरोखर जायचं नाही ते कॉलेज यादीत घालूच नकोस. ठरावीक फेरीनंतर मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावं लागू शकतं.

एमबीबीएस आणि बीडीएस एकाच गटात, एकाच फॉर्ममध्ये येतात. खासगी एमबीबीएसची फी परवडणार नाही हे माहीत असूनही मुलं त्या कॉलेजांचे कोड यादीत वर टाकतात, 'बघू तर खरं' म्हणून. जागा लागली की घरात रडारड. परवडणारं नसेल तर तो कोड नको. मुंबईचं सरकारी डेंटल तुला खासगी एमबीबीएसपेक्षा जास्त हवं असेल तर तसंच भर आणि कुणालाही स्पष्टीकरण देत बसू नकोस.

अंदाज बांधायला एक वही कर. सीईटी सेल प्रत्येक फेरीची निवड यादी जाहीर करतो. गेल्या दोन वर्षांच्या याद्या घे आणि प्रत्येक कॉलेजसमोर तुझ्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला झाला ते फेरीनुसार लिही. गुण लिहू नकोस, क्रमांक लिही. पेपर सोपा-अवघड झाला की गुण वरखाली होतात, त्यामुळे दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवून काही कळत नाही. पहिल्या आणि शेवटच्या फेरीत किती फरक पडतो हे वहीत दिसलं की पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घाबरायला होत नाही. २०२० पूर्वी ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना ठेवत. तो नियम रद्द झाला, पण "विदर्भ-मराठवाड्यात आपल्याला कोण घेणार" हे अजून ऐकू येतं. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॉलेज निःसंकोच भर. मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी आणि महापालिकेचं नायर तर आहेतच.

खासगी कॉलेज निवडताना इमारत बघू नका. सकाळी दहाला ओपीडीत जाऊन उभे राहा. पेशंटची रांग असेल तर तिथे हात बसेल. पेशंट नसलेल्या कॉलेजात चकचकीत खुर्च्या काही शिकवत नाहीत. अंतिम वर्षाच्या मुलांना विचारा, किती दात काढायला मिळाले, किती रूट कॅनॉल स्वतः केले. एमडीएसच्या, म्हणजे बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, नऊ शाखांपैकी किती तिथे चालतात तेही विचारा, कारण पुढचं शिकणारे सीनियर हाताशी असले की खूप शिकायला मिळतं.

जागा मिळाल्यावर 'स्टेटस रिटेन्शन' हा शब्द भेटतो. तो फॉर्म भरला की "मला हीच जागा हवी, पुढे सरकायचं नाही" असं लिहून दिल्यासारखं असतं. भरला नाहीस आणि पुढच्या फेरीत वरची पसंती लागली की आधीची जागा आपोआप जाते. मन पक्कं असेल तरच भर, आणि भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाच. वाच म्हणजे तू वाच. सायबर कॅफेवाल्याने वाचली आहे, हे पुरत नाही. पासवर्डही त्याच्याकडे ठेवायचा नाही.

पैसे आणि हजर होण्याचा दिवस

खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघ. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. मुलीच्या डेंटलच्या फीपायी शेत विकायला निघालेल्या बापाला हे मी हात धरून सांगते. बाकी प्रवर्गांच्या योजना राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर आहेत. कर्ज लागणार असेल तर निकालाआधीच बँकेत विचारून ठेवा. अवजारांचा खर्च फीत नसतो, तो वेगळा धरा.

"डोनेशन भरा, जागा पक्की" असं सांगणारा माणूस भेटलाच, तर त्याला एक पैसाही देऊ नका. अशा माणसामागे गेलेलं घर मी सावरताना पाहिलं आहे, फार वर्षं लागतात.

हजर व्हायला मिळणारे दिवस थोडे असतात. मूळ कागद, झेरॉक्सचे तीन-चार संच, फोटो, कॉलेजने सांगितलेल्या नावाचा डिमांड ड्राफ्ट. शनिवार-रविवार मध्ये येतो का ते बघूनच ड्राफ्ट काढा. मुंबईला जायचं असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसवर विसंबू नका, पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात गाड्या रखडतात.

आणि हिपॅटायटिस-बीची लस. पेशंटच्या तोंडात हात घालण्याआधी ती पूर्ण झालेली हवी. तीन डोस असतात: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. बारावीच्या परीक्षेनंतर लगेच पहिला घेतलास तर पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होईपर्यंत तिसऱ्याची वेळ जवळ आलेली असते. लसीचं कार्डही त्याच फाइलमध्ये ठेव.